वावर विकून जपानला जाऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २५ वर्षांच्या वाचक लिहितात: जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन दोन वर्षं झाली. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात काम करते. पगार अकरा हजार, तोही हातात रोख. घरी तीन एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कपाशी आणि सोयाबीन-तूर. मागच्या दोन हंगामांत खर्चही निघाला नाही. आत्याच्या गावच्या एका ओळखीच्या माणसानं जपानमध्ये केअरगिव्हरची जागा आहे म्हणून सांगितलं. पगार महिन्याला एक लाख ऐंशी हजार, पाच वर्षांची हमी, नंतर तिकडंच कायमचं राहता येतं. खर्च चार लाख. पन्नास हजार दिवाळीच्या आत द्यायचे. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट त्यानं आधीच ठेवून घेतले आहेत. बाबा एक एकर काढायला तयार आहेत, नाहीतर सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलू म्हणतात. आई म्हणते, “आंधी लगन होऊ दे, मंग कुठी जायचं तं जाय.” धाकटा भाऊ बी.कॉम. होऊन वर्षभर घरी आहे. टेलिग्रामवर थायलंडच्या एका कंपनीनं त्याची निवड केली आहे, तिकीटही कंपनीच देणार. तो म्हणतो, तू चार लाख कशाला घालवतेस, मीच आधी जातो. इथं राहून आमचं काही होणार नाही हे नक्की. तेव्हा मावशी, वावर विकावं की व्याजानं पैसे काढावेत, एवढंच सांगा.

उत्तर

मावशी म्हटलं आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. तुझा प्रश्न वावराचा आहे, पण आधी भावाचं बोलू. तिथं वेळ कमी आहे.

त्याच्याबद्दल तू पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहिल्यास आणि पुढे गेलीस. मला तुझ्या अख्ख्या पत्रात त्याच दोन ओळी सगळ्यात धोक्याच्या वाटल्या. निवड टेलिग्रामवर झालेली. तिकीट कंपनीचं. अनुभव कोणी विचारला नाही, थाई भाषा कोणी विचारली नाही. बहुधा टायपिंगची एक परीक्षा घेतली असेल, आणि ‘सध्या पर्यटक म्हणून या, व्हिसाचं इथं आल्यावर बघू’ असं सांगितलं असेल. हे सगळं जिथं एकत्र येतं तिथं बहुतेक वेळा नोकरी नसतेच. बँकॉकच्या विमानतळावर न्यायला गाडी येते. ती शहरात न जाता कित्येक तास पश्चिमेकडे धावते आणि म्यानमारच्या सीमेवरच्या माए सोत गावाला पोचते. तिथून मोएई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. त्या भागात उंच कुंपणाच्या आत इमारती उभ्या आहेत. तिथं पोरापोरींना कॉम्प्युटरसमोर बसवून जगभरातल्या लोकांना फसवायला लावतात, कधी खोट्या प्रेमाचं नाटक करून, कधी खोटी गुंतवणूक दाखवून. पासपोर्ट काढून घेतात. नकार दिला तर मारहाण, सुटायचं म्हटलं तर घरच्यांकडून पैसे. कंबोडिया आणि लाओसमध्येही असेच अड्डे आहेत. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं माए सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना विमानानं परत आणलं. खोट्या नोकरीच्या आमिषानं तिकडं ओढली गेलेली माणसं होती ती. त्यांत शिकलेली, इंग्रजी येणारी, कॉम्प्युटर जाणणारी पोरं होती, तुझ्या भावासारखीच.

त्याच्यावर रागावू नको. वर्षभर घरी बसलेल्या पोराला ‘तुझी निवड झाली’ म्हणणारा पहिला माणूस देवासारखा वाटतो. आज रात्री जेवणं झाल्यावर त्याच्या शेजारी बस आणि त्याच्या मोबाइलवरची ती सगळी चॅट दोघं मिळून पहिल्या ओळीपासून वाचा. मग त्यालाच त्या कंपनीला एक प्रश्न विचारू दे: थायलंडमध्ये काम करायला निघण्याआधीच थाई दूतावासाकडून कामाचा, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घ्यावा लागतो आणि मालकाला कामाचा परवाना काढावा लागतो, तर त्याची कागदपत्रं तुम्ही कधी पाठवता? खरी कंपनी याचं सरळ उत्तर देते. दुसरी मंडळी एकतर चिडतात, नाहीतर ‘जागा दुसऱ्याला देतो’ अशी घाई लावतात. तो आलेलं उत्तर वाचेल तेव्हा तू शेजारी अस.

आता तुझं.

जपानची वाट खोटी नाही, हे आधी सांगते. तिथं ६५ वर्षांवरची माणसं लोकसंख्येच्या जवळपास २९ टक्के आहेत आणि त्यांची सेवा करायला तरुण हात कमी पडतात. म्हणून जपाननं एप्रिल २०१९ पासून बाहेरच्या देशांतल्या कामगारांसाठी ‘विशिष्ट कुशल कामगार’ नावाचा व्हिसा सुरू केला. वृद्धसेवा त्यातलं एक मोठं क्षेत्र आहे. भारताचा जपानशी त्याबद्दलचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून पाच लाख माणसांची देवाणघेवाण करायची, त्यात भारतातून जपानला जाणारे ५०,००० कुशल लोक असतील. तेव्हा तुझ्या आत्याच्या गावचा माणूस मागणीबद्दल खोटं बोलत नाही. त्याच्या बोलण्यात पुढं पुढं काय मिसळलं आहे, ते एकेक करून बघू.

एक लाख ऐंशी हजार. कशाचे? तू रुपये धरलेस, बाबांनीही रुपयेच धरले असणार, नाहीतर वावर विकायची गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली नसती. हा आकडा येनचा आहे. एका येनचे साधारण पंचावन्न ते साठ पैसे होतात, म्हणजे लाखभर रुपये झाले. त्यातूनही आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा आणि आयकर पगारातूनच कापले जातात. नुसत्या पेन्शनसाठी पगाराच्या १८.३ टक्के रक्कम जाते, अर्धी तू आणि अर्धी मालक. सगळी कपात झाल्यावर हातात साधारण दीड लाख येन येतील. दुसऱ्या वर्षापासून रहिवासी करही लागतो. खोलीचं भाडं, वीज, पाणी, गॅस यांचे चाळीस हजार धर. जेवणाचे तीस-पस्तीस हजार, फोन आणि बसचे दहा-पंधरा हजार. काटकसरीनं राहणाऱ्या मुलीच्या हाती महिन्याला साठ हजार येन उरले तर चांगलं चाललं आहे म्हणायचं. म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या आसपास.

अकरा हजार कमावणाऱ्या मुलीनं खाऊन-पिऊन पस्तीस हजार घरी पाठवणं ही मोठी गोष्ट आहे. मी ती कमी लेखत नाही. पण बाबांना हाच आकडा कागदावर मांडून दाखव, आणि मग वावराचं बोलणं पुन्हा काढा.

‘नर्स म्हणून जातेय’ असं तू तुझ्या मूळ पत्रात दोनदा लिहिलंस. तिथं तू नर्स नसशील. जपानमध्ये नर्स म्हणून काम करायला तिथली राष्ट्रीय परीक्षा जपानी भाषेत द्यावी लागते. तुझं जीएनएम त्याऐवजी चालत नाही. तुझं काम ‘काइगो’चं, म्हणजे वृद्धांच्या रोजच्या सेवेचं असेल. म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत उचलून बसवणं, आंघोळ घालणं, डायपर बदलणं, घास भरवणं, रात्रीच्या पाळीत घंटा वाजली की उठून जाणं. पुष्कळ ठिकाणी रात्रपाळी सोळा तासांची असते. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. आणि पाळी संपताना प्रत्येकाची नोंद करायची: कोणत्या आजींनी अर्धाच भात खाल्ला, कोणाला ताप होता, कोणी पाणी किती प्यायलं, कोणाचा पाय सुजलेला दिसला. ही नोंद जपानीत लिहायची आणि पुढच्या पाळीच्या बाईला जपानीत सांगायची. तुझं नर्सिंग इथंच कामी येईल, कारण सुजलेल्या पायाकडे तुझं लक्ष आधी जाईल. हे काम मनापासून आवडणाऱ्या मुली असतात. ‘मी शिकून आले आणि हे काय करतेय’ म्हणून रोज रडणाऱ्याही असतात. तू कोणत्या बाजूची आहेस, हे तुला दवाखान्यातल्या म्हाताऱ्या पेशंटजवळ उभं राहूनच कळेल. पुढच्या आठवड्यात त्यांचं अंग पुसायचं काम आयाबाईंवर न सोडता स्वतः करून बघ.

आता ‘पाच वर्षांची हमी’. या व्हिसावर सहसा एकूण पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि तो तुकड्या-तुकड्यानं वाढवून घ्यावा लागतो. पाच वर्षं ही मर्यादा आहे, ती हमी कोणी देऊ शकत नाही. चांगली गोष्ट अशी की मालकाशी जमलं नाही तर त्याच क्षेत्रात दुसरा मालक शोधता येतो, आणि जपानी माणसाला त्या कामाचा जो पगार तोच तुला द्यायचा, असा नियम आहे. ‘कायमचं राहता येतं’ हेही अर्धंच खरं आहे. तीन वर्षं सेवेचं काम करून, तिथलं ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करून ‘काइगो फुकुशिशी’ ही राष्ट्रीय परीक्षा पास झालीस, तर वेगळा व्हिसा मिळतो. तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो आणि नवरा-मुलांनाही नेता येतं. परीक्षा वर्षातून एकदा होते, जानेवारीत, जपानीत. पाच वर्षांच्या मुदतीत ती देण्याच्या संधी थोड्याच मिळतात. म्हणून तिकडं घर करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून ड्यूटी करून आल्यावर अभ्यासाला बसावं लागेल. ज्या मुली पहिली दोन वर्षं फक्त पैसे साठवतात त्यांना ही परीक्षा जड जाते.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते, आणि तिचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही. तुला जपानी येतं का?

हा व्हिसा मिळवायला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ (खालून दुसरी) पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची दुसरी परीक्षा पास व्हावी लागते. शिवाय वृद्धसेवेच्या कौशल्याची एक आणि वृद्धसेवेतल्या जपानीची एक, अशा आणखी दोन परीक्षा असतात. त्या झाल्यावर मालक मुलाखत घेतो. मग करार. मग मालकाच्या बाजूनं जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र येतं आणि शेवटी व्हिसा. तू यातली एकही परीक्षा दिलेली नाहीस. मग त्यानं सांगितलेली ‘जागा’ कोणती? कोणत्या शहरातली? वृद्धाश्रमाचं नाव काय? अजून जी जागा असूच शकत नाही तिचे पन्नास हजार तो दिवाळीच्या आत मागतो आहे.

चार लाखांचंही असंच आहे. परदेशात नोकरी लावून देणारा एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. अशा एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. भाषेच्या वर्गाची फी, वसतिगृह, परीक्षेची फी, तिकीट हे वेगळं असू शकतं, पण मग प्रत्येकाची वेगळी पावती हवी. नोंदणी आहे का, ती चालू आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनच बघता येतं. ‘मी मुंबईच्या अमक्या कंपनीचा माणूस आहे’ म्हणणारा गावोगावचा उप-एजंट कायद्यात बसत नाही. बाबांना हे पटवायला एकच सांग: बिलाशिवाय घेतलेलं बियाणं उगवलं नाही तर तक्रार कुठंच करता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. बिन पावतीच्या एजंटचंही तेच आहे. आणखी एक. परत जायचं म्हटलं तर दंड भरा किंवा आधी अनामत ठेवा, अशी अट जपानच्या या व्हिसाच्या नियमांत चालत नाही. असा कागद सहीला समोर आला तर उठून घरी यायचं.

‘तो ओळखीचा आहे’ यावर तुझा फार भरवसा दिसतो. ओळख असली की आपण हिशेब मागत नाही, आणि गावात फसवणूक होते ती बहुतेक याच संकोचातून. तो वाईटच माणूस असेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्यालाही वरच्यानं येन आणि रुपये समजावून सांगितले नसतील. त्याला एवढंच विचार: तुम्ही पाठवलेल्या दोन मुलींचे नंबर द्या, मी तुमच्याशिवाय त्यांच्याशी बोलेन. बोलणं झालं तर पगाराची चिठ्ठी बघायला माग, आणि विचार की सुट्टीच्या दिवशी ती काय करते. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. बरेच वृद्धाश्रम टोकियोत नसतात, लहान गावांत असतात. तिथं हिवाळ्यात कंबरेएवढा बर्फ पडू शकतो, संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही, तुरीची डाळ ऑनलाइन मागवावी लागते. ज्या घरात दिवसभर दार उघडं असतं आणि शेजारीण न विचारता येऊन बसते, त्या घरातून गेलेल्या मुलीला कामापेक्षा हा एकटेपणा जड जातो. तो सोसता येतो, पण आधीपासून ठाऊक असलेला बरा.

वावर की व्याज, या प्रश्नाला आता येते. दोन्ही नाही.

चार लाख शेकडा तीननं घेतले तर महिन्याला बारा हजार नुसतं व्याज. तुझा आजचा अख्खा पगार त्या व्याजालाही पुरत नाही. भाषा शिकून, परीक्षा देऊन, व्हिसा येईपर्यंत वर्ष तर जातंच. त्या वर्षात १,४४,००० रुपये व्याजात जातील आणि मुद्दल जागच्या जागी राहील. वावराचं म्हणशील, तर घाईत विकलेल्या कोरडवाहू जमिनीला भाव येत नाही. घेणाऱ्याला तुमची गरज दिसते. तीनातलं एक एकर गेलं की आई-बाबांकडे दोन राहतात. तुझं जपानचं काही कारणानं सहा महिन्यांत आटोपलं, तर ते एकर काही परत येणार नाही. बाबांना त्यांच्या हयातीत आपल्या लेकीसाठी काहीतरी मोठं करायचं आहे, हे मला त्या एका वाक्यातून दिसतं. तुला द्यायला त्यांच्याकडे वावराशिवाय दुसरं काही नाही, म्हणून ते वावर पुढे करतात. त्यांना सांग की या वाटेला सुरुवातीला पैसा लागत नाही, वेळ लागतो. संध्याकाळी घरच्या कामातून दोन तास मोकळीक द्या, एवढंच त्यांच्याकडे माग.

त्या दोन तासांत काय करायचं? हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. जपान फाउंडेशनची शिकण्याची पुस्तकं आणि ध्वनिफिती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मराठी माणसाला जपानी वाक्य फार परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे शब्द नामाच्या मागून लागतात. महिन्याभरात दोन्ही लिप्या वाचता आल्या आणि पुढं शिकायची ओढ राहिली, तर समज की यात तुझा जीव आहे. नाही लागला जीव, तर एक रुपयाही न घालवता ते कळलं. त्यानंतर चांगला वर्ग शोध, नागपूरचा किंवा ऑनलाइन. जेएलपीटी वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. पुणे आणि मुंबईत केंद्रं आहेत. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून पुण्याला जाता येतं. जेएफटी-बेसिक कॉम्प्युटरवर होते आणि वर्षात अधिक वेळा देता येते. रोज नेमानं दोन तास दिलेस तर साधारण वर्षात एन-४ गाठता येतं, ड्यूटी सांभाळूनही. घाई करून सहा महिन्यांत कसंबसं पास झालेली मुलगी तिथं गेल्यावर आजींचं बोलणं समजत नाही म्हणून कोपऱ्यात रडते.

वर्ग आणि परीक्षांपुढचा खर्च येईल तेव्हा राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या (एनएसडीसी) एनएसडीसी इंटरनॅशनलमार्फत काय भरती चालू आहे ते आधी बघ. मान्यताप्राप्त केंद्राच्या अभ्यासक्रमासाठी बँकेचं कौशल्य कर्ज मिळू शकतं. २०२४ मध्ये त्याची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढवली आहे. तालुक्याच्या शाखेत ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तेव्हा योजनेचा कागद छापून ने आणि अर्ज लेखी दे. बँकेचं व्याज आणि शेकडा तीन यांत फार मोठं अंतर आहे.

‘इथं राहून आमचं काही होणार नाही हे नक्की.’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वावराबद्दल तू म्हणतेस ते मला खोडता येत नाही. पण तुझं इथलं काम तू अजून नीट वापरलेलंच नाहीस. पगार रोख मिळतो, म्हणजे उद्या दोन वर्षांचा अनुभव तू कशावर दाखवणार? डॉक्टरांना सांग, पगार बँकेत जमा करा आणि अनुभवाचं पत्र द्या. द्यायला टाळाटाळ झाली तर जिथं देतात अशा दवाखान्यात जा, भले पाचशे रुपये कमी मिळोत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव. आरोग्य विभाग आणि जिल्हा परिषदेच्या जाहिराती आल्या की अर्ज भर. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी जागाही सोडू नको. आखातातल्या दवाखान्यांत नर्स म्हणून जायचं झालं तरी हाच लेखी अनुभव आणि नोंदणी लागते. तिथं परवान्याची परीक्षा असते, पण ती इंग्रजीत देता येते आणि काम नर्सचंच राहतं. तुला नर्सच राहायचं असेल तर जपानपेक्षा ती वाट तुला जवळची आहे. तू पत्रात तिचा विचारही केला नाहीस, कारण ओळखीच्या माणसानं जपान सांगितलं. मी त्या बाजूनं ओढत नाही, पण एजंटनं दाखवलेल्या एकाच दारावर डोकं आपटत बसू नको.

आईचं राहिलं. पाच वर्षांच्या या व्हिसावर नवऱ्याला किंवा मुलांना नेता येत नाही, हे आईला स्पष्ट सांग. लग्न करून दोन महिन्यांत निघणं म्हणजे सासरी तुझी आणि माहेरी आईची, दोघींचीही ओढाताण. जायची परवानगी मिळावी म्हणून घाईत लग्नाला हो म्हणू नको. ते लग्नावरही अन्यायाचं आहे. पण आईच्या बोलण्यामागं काय आहे तेही विचार. पोरगी परक्या मुलखात एकटी, आजारी पडली तर पाणी कोण देईल, लोक काय म्हणतील, वय निघून जाईल. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं उत्तर तू देऊ शकतेस. कुठल्या गावात, कोणाबरोबर, किती जणींच्या खोलीत राहणार, दवाखाना कसा मिळतो, रात्री कामावरून कशी येणार, हे कळल्याशिवाय मी तरी माझ्या मुलीला पाठवलं नसतं. तिकडं असलेल्या एखाद्या मुलीशी बोलशील तेव्हा फोन स्पीकरवर ठेव आणि आईला शेजारी बसव. तिला जे विचारायचं ते ती वऱ्हाडीत विचारेल. आणि तयारीला वर्ष लागणारच आहे. त्या वर्षात एखादं स्थळ असं आलं की ज्याला तुझं जाणं आणि अभ्यास दोन्ही मान्य आहे, तर तेव्हा विचार कर. नाही आलं तर २६ व्या वर्षी काही बिघडत नाही.

आता तातडीचं. मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट परत आण. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो खासगी माणसाला ठेवून घेण्याचा अधिकार नाही, आणि खऱ्या प्रक्रियेत या टप्प्यावर मूळ कागदांची गरजही पडत नाही. छायाप्रत पुरते. परत घ्यायला एकटी जाऊ नको, बाबांना आणि भावाला सोबत ने. तिथं भांडण काढू नका. ‘दवाखान्यात पडताळणीला मूळ कागद मागितले आहेत’ एवढं सांगितलं तरी चालेल. प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, कौन्सिलचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, एकेक मोजून घ्या आणि पानं उलटून बघा. पैसे दिल्याशिवाय कागद देत नाही म्हणाला, तर तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.